मागच्या हौशिंगचा मिस्त्री

गाडीची पूजा करताना लोक बॉनेटला हार घालतात, काचेला कुंकू लावतात, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. मागं कुणी जात नाही. हे मला रावजी मिस्त्रीनं दाखवून दिलं, आणि तेव्हापासून दसऱ्याला हार घातलेली गाडी बघितली की माझं डोकं फिरतं. घरातले म्हणतात, सणासुदीला तोंड वाकडं करून बसू नका. मी बसतो.

रावजी कांबळे आमच्या कुपवाडच्या गॅरेजात मिस्त्री होता आणि मी वेल्डर. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचा तो काळ. कुपवाडला तेव्हा आजच्यासारखी दाटी नव्हती. माळावर पत्र्याच्या शेडी आणि त्यांच्यामध्ये बाभळी. मालकांना सगळे तात्या म्हणायचे. तात्या बोलायला इतके गोड की गिऱ्हाईक बिल विसरून चहा पिऊन जायचं आणि दुसऱ्या दिवशी आपणहून बिल द्यायला यायचं. रावजीचं नेमकं उलटं होतं. त्याच्याशी दोन वाक्यं बोललेला माणूस तिसरं वाक्य तात्यांशी बोलायला जायचा.

तो मूळचा मेढ्याकडचा. लष्करात गाड्यांच्या वर्कशॉपात काही वर्षं काढून, कुठल्यातरी साहेबाशी भांडून परत आलेला. भांडण कशावरून झालं ते दर वेळी वेगळं सांगायचा. उंच, हडकुळा, खाकी अर्धी चड्डी, कानामागं खोचलेली आगकाडी. शांत असला की मेढ्याची बोली बोलायचा आणि भडकला की लष्करी हिंदी. त्यामुळं तो हिंदी बोलायला लागला की आम्ही हातातलं काम घेऊन लांब सरकायचो. कुणाचं कौतुक त्यानं केलेलं मी ऐकलं नाही. माझं उत्तम जमलेलं वेल्डिंग उलटंसुलटं बघून एकदा "चलेगा" म्हणाला होता, आणि खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते.

गाडीचं कुठलंही काम तो करायचा, पण त्याचा जीव होता मागच्या हौशिंगमध्ये. जीपच्या किंवा ट्रकच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक गोळा असतो, ते हौशिंग. त्याच्या पोटात दात्यांची चक्रं गिअर ऑईलमध्ये बुडून फिरत असतात. इंजिनचं ऑईल लोक हौसेनं बदलतात. हौशिंगचं ऑईल बदलायचं असतं हे निम्म्या गाडीमालकांना ठाऊकच नसायचं. गाडी आली की रावजी पुढून कधी बघायचा नाही. सरळ मागं जायचा, गोणपाट अंथरून खाली शिरायचा आणि कान लावायचा. गाडीवाला म्हणायचा, मिस्त्री, पुढून बघा की जरा. त्यावर खालून आवाज यायचा, "त्वांड समदीच धुत्यात."

ऑईल बदलायची त्याची रीत ठरलेली होती. आधी गाडी घेऊन माधवनगरापर्यंत जायचं, तिथं चहा प्यायचा आणि परत यायचं. ऑईल तापून पातळ झालं की घाण सगळी खाली येते, म्हणून. तात्यांचा मेव्हणा अशोक म्हणायचा, हा फुकटचा फिरून येतो. परत आला की रावजी आधी वरचा बूच सोडून बघायचा, ज्यातून ऑईल भरतात तो, आणि मगच खालचा, ज्यातून काढतात तो. एकदा तासगावकडचा एक ड्रायव्हर घरीच खालचा बूच काढून सगळं ऑईल सांडून बसला आणि वरचा गंजलेला बूच काही त्याच्यानं निघेना. मग बैल जुंपून गाडी आमच्याकडं ओढत आणली. रावजीनं त्याला दिवसभर गाडीशेजारी बसवून ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्याचा पराक्रम सांगितला. संध्याकाळी बूच घटकेत काढून दिला. सकाळीच काढता आला असता. असला खवट होता.

काढलेलं ऑईल तो हुंगायचा. मग अंगठ्याच्या नखावर थेंब घेऊन उन्हात धरायचा आणि त्यात लोखंडाची चकाकी दिसते का ते बघायचा. त्यावरून तो गाडीवाल्याचं भविष्य सांगायचा आणि ते जितक्या वेळा खरं व्हायचं तितक्याच वेळा चुकायचं. एका ट्रकचं क्राऊन, म्हणजे हौशिंगमधलं मोठं दातेरी चक्र, गेलंय म्हणून त्यानं सगळं हौशिंग उतरवून घेतलं, तर आत सगळं ठणठणीत. आवाज चाकाच्या बेअरिंगचा होता. झालं ते झालं म्हणावं की नाही? छे. ऑईल भेसळीचं आहे, त्यानं मला फसवलं, असं म्हणत दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

पण एक गोष्ट सांगतो. आमच्या गॅरेजात चहाला सगळ्यांना कपबशी असायची आणि रावजीला काचेचा वेगळा ग्लास. तो खिडकीत पालथा घातलेला असायचा. रावजीच्या घरच्यांनी छप्पन्नच्या सुमारास देव नदीत सोडून धर्म बदलला होता, पण खिडकीतला ग्लास काही बदलला नव्हता. तात्या कधी काही बोलायचे नाहीत. ते गोडच बोलायचे, फक्त चहा ग्लासात ओतायचे. एके दिवशी चहा आला तर ग्लास जागेवर नाही. रावजी त्यात रॉकेल ओतून बेअरिंग धूत बसलेला. तात्या बघतच राहिले. रावजी वर न बघता म्हणाला, "ह्यो कामाला लागला, मालक. मला कपात द्या." त्या दिवसापासून तो कपातून चहा प्यायला लागला. तात्या हसले खरे, पण ते हसणं मला आवडलं नव्हतं.

दुसरी ठिणगी केळ्यांची. क्राऊन झिजलेल्या गाडीचा मागून कोल्ह्यासारखा आवाज येतो. अशी गाडी विकायची असली की काही दलाल हौशिंगमध्ये पिकलेली केळी कोंबायचे. दात्यांत केळ्याचा लगदा बसतो, आवाज आठवडाभर बंद होतो आणि मग घेणारा बोंबलत बसतो. तात्यांनी एक जुनी जीप विकायला काढली होती. गिऱ्हाईक मिरजेचं. सौदा ठरत आला, गाडी लोण्यासारखी चालतेय म्हणून माणूस खूश. एवढ्यात रावजी त्याच्यापाशी गेला आणि म्हणाला, बूच काढून जरा वास घ्या. माणसानं वास घेतला. रावजी म्हणाला, "हौशिंगमधी शिकरण केलीया मालकांनी." सगळं गॅरेज हसलं. मीही हसलो. तात्यांनी त्याला काढलं नाही, कारण त्याच्यासारखा हात दुसरा मिळाला नसता. पण त्यांच्या मनात ते बसलं. गोड माणसं विसरत नाहीत, हे मी तेव्हा शिकलो.

मग तो दसरा आला.

तासगावकडच्या आप्पांची जीप अष्टमीला दुपारी आमच्याकडं आली. आप्पा मोठे द्राक्षबागायतदार, सगळ्या भागात मान. दसऱ्याला सोनं वाटायला पाव्हण्यारावळ्यांकडं फिरायचं म्हणून गाडी नीट करून हवी होती. रावजीनं रीतीप्रमाणं गाडी फिरवून आणली, ऑईल काढलं आणि त्याला नखावर चकाकी दिसली. म्हणाला, रात्रभर थेंब थेंब गळू दे, सकाळी धुऊन नवीन भरतो. दोन्ही बूच काढून ठेवले आणि घरी गेला.

सकाळी उजाडली खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा. शेतकऱ्याचं खुरपं असो नाहीतर मिस्त्रीचा पाना असो, धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. रावजी पूजेला कधी नसायचा, पण त्या दिवशी तो लवकर आला. बघतो तर अशोकनं गॅरेजची सगळी हत्यारं पाटावर मांडलेली, ऑईलचा डबाही तिथंच, आणि रावजीची स्वतःची पेटी उघडून त्यातले लष्करातून आणलेले पानेसुद्धा मांडलेले. त्यांच्यावर हळदकुंकू. रावजीनं हात पुढं केला तसा तात्यांनी त्याचा हात धरला. आज पाना हलणार नाही म्हणाले. रावजी म्हणाला, हौशिंग मोकळं हाय, खालचा बूच निघालाय, बाकी काही नको, एवढं आवळून भरू द्या. तात्या म्हणाले, तुला देव नसंल, आमाला हाय; उद्या पूजा झाली की दुपारी भर. कुपवाडात त्या दिवशी कुणाकडं पाना मागितला असता तरी तो पाटावरच असणार होता.

रावजी हिंदीत काही बोलला नाही. याचं मला नवल वाटलं. त्यानं खालचा बूच एका काळ्या चिंधीत गुंडाळला आणि ती चिंधी स्टिअरिंगला गाठी मारून घट्ट बांधली. आमच्या धंद्यात याचा अर्थ पोरालासुद्धा कळतो. गाडीच्या पोटात काही नाही, हलवू नका. तरीपण त्यानं तात्यांना सांगितलं, अशोकला सांगितलं आणि मलाही सांगितलं. दसऱ्याला सकाळी त्यांच्या वस्तीवर बुद्धवंदना असायची, ती आटोपून दुपारी येतो म्हणाला.

दसऱ्याला मी गेलो तेव्हा ऊन वर आलं होतं. आप्पांची जीप जागेवर नव्हती. अशोक म्हणाला, आप्पा सकाळीच स्वतः आले होते, पूजा झाल्या झाल्या तात्यांनी नारळ फोडून गाडी काढून दिली. मी विचारलं, ऑईल? तो म्हणाला, ते मिस्त्रीनं बघितलं असंल की. मी ती चिंधी शोधायला लागलो. शेडीच्या मागं निर्माल्याचा ढीग होता, झेंडूची देठं, नारळाच्या शेंड्या. त्यात मला ती काळी चिंधी सापडली, गाठी न सोडता कापलेली, आत बूच तसाच. सणाच्या दिवशी स्टिअरिंगला मळकी चिंधी बरी दिसत नाही म्हणून ती कापून अशोकनं तिथं झेंडूचा हार बांधला होता. हे त्यानंच मला सांगितलं. त्याला त्यात काही वावगं केलं असं तेव्हा वाटतही नव्हतं.

एवढ्यात रावजी आला. अंगात पांढरा सदरा, पांढरं धोतर. त्याला तसं मी कधी बघितलं नव्हतं. मी चिंधी दाखवली. त्यानं चिंधीतला बूच चाचपून बघितला. माझी सायकल उचलली आणि तासगावच्या रस्त्याला लागला.

जीप दिवसभर गावोगाव फिरली. मागून आवाज येत होता म्हणे, पण आत माणसं दाटलेली आणि सोनं घ्या सोनं घ्या चाललेलं, कोण ऐकतोय! संध्याकाळी परतताना उताराला हौशिंग जाम झालं, मागची चाकं अडकली आणि गाडी फरफटत जाऊन चारीत उलटली. बाकीची माणसं खरचटून वाचली, आप्पांचा पाय मात्र गाडीखाली सापडला आणि पुढं तो गुडघ्यापासून काढावा लागला. रावजी दिवसभर गाडीचा माग काढत गावोगाव सायकल मारत होता. तो पोचला ते गाडी उलटल्यावर. आप्पांना बाहेर काढायला त्यानं खांदा लावला. मग कुणीतरी ओळखलं की ह्यो गॅरेजचा मिस्त्री, आणि तिथंच त्याला मारलं. माझी सायकल मोडली. सदरा परत पांढरा झाला नसेल.

पुढं जे बोललं गेलं ते लिहितानाही मला किळस येते. ह्यांना आपल्या पूजेचा राग, म्हणून मुद्दाम हौशिंग रिकामं ठेवलं. दसऱ्याला मुद्दाम आला न्हाई. पांढरी कापडं घालून मजा बघायला गेला. हे बोलणारी माणसं काल-परवापर्यंत त्याच्याकडं गाडी घेऊन येत होती.

आप्पांचा भाऊ चार माणसं घेऊन गॅरेजात आला. रावजीही आला, डोळा सुजलेला. मला वाटलं आता हिंदी सुरू होणार. नाही. तो तात्यांसमोर उभा राहिला आणि सरळ म्हणाला, "मालक, मला दुसरं काय नको. कामावर ठिवू नका. फकस्त ह्यांच्याम्होरं एवढं म्हना, मिस्त्रीनं सांगितलं हुतं."

तात्या गोड माणूस. त्यांनी आधी आप्पांच्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले, सणाच्या गडबडीत कोण काय बोललं, कुणाच्या ध्यानात राहतंय. मिस्त्रीचं काम मिस्त्रीला ठाऊक.

मला राहवलं नाही. मी चिंधी आणि बूच पुढं टाकला आणि सगळं सांगितलं, अशोकचं नाव घेऊन सांगितलं. अशोक मान खाली घालून उभा. आप्पांचा भाऊ बूच उचलून बघायला लागला, तर तात्यांनी तो त्याच्या हातातून हळूच काढून घेतला आणि खिशात टाकला. म्हणाले, असले बूच गॅरेजात पायलीभर पडल्यात, आणि ह्यो वेल्डर मिस्त्रीचा दोस्त हाय, दोघं एका डब्यात जेवत्यात. खरं होतं, आम्ही एका डब्यात जेवायचो. ते आता माझ्याच विरुद्ध गेलं. त्यांच्यातला एक माणूस माझ्याकडं बघून थुंकला. दुसऱ्या दिवशी मी ते गॅरेज सोडलं. मोठा तीर मारला नाही. मला आठवड्यात दुसरीकडं काम मिळालं.

रावजीला मिळालं नाही. सांगली, मिरज, माधवनगर, जिथं जाईल तिथं त्याचं नाव त्याच्याआधी पोचलेलं असायचं. तोच का? एवढं विचारून लोक गेट लावून घ्यायचे. त्याच्याकडं हात होता, पण गाडी देणारा माणूस नव्हता. दोन-तीनदा मी माझ्या नव्या मालकाशी बोलून बघितलं. मालक म्हणाले, माणूस चांगला असंल, पर गिऱ्हाईक बिथरंल. रावजी माझ्या घरी येऊन सगळ्यांना शिव्या घालायचा, माझ्या बायकोच्या चहालासुद्धा नावं ठेवायचा आणि दोन कप पिऊन जायचा. मला ते बरं वाटायचं, कारण तोंड चालतंय म्हणजे माणूस शाबूत आहे. मग एके दिवशी आला, गप्प बसला, चहा चांगला झालाय म्हणाला. त्याचं कौतुक ऐकून मी घाबरलो. त्यानंतर तो सांगलीत दिसला नाही.

चारेक वर्षांनी मी साताऱ्यात कामाला होतो. एका शाळेचं लोखंडी गेट बसवायला मेढ्याला निघालो होतो, भाड्याच्या जुन्या ट्रकमधून. साताऱ्यातून निघाल्यापासूनच मागून बारीक कोल्हेकुई चालू होती आणि चढाला ती वाढली. ड्रायव्हर घाबरला. वळणावर रस्त्याचं काम चाललं होतं, बायाबापड्या खडी फोडत बसलेल्या. ट्रक जवळ येतोय तसं त्यांच्यातल्या एका माणसाचा हातोडा वरच्या वर थांबला. मान तिरकी झाली. बाकी सगळे ट्रकच्या तोंडाकडं बघत होते आणि हा एकटा मागच्या चाकांकडं. मी ट्रक थांबवायला लावला आणि उडी मारली.

रावजीच होता. दाढी पांढरी झालेली, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मी मिस्त्री म्हणून हाक मारली. त्यानं बघितलं. ओळखलं, यात मला शंका नाही. ड्रायव्हर मागोमाग आला होता. मी त्याला मोठ्यानं म्हणालो की देवासारखा माणूस भेटला, साताऱ्यापासून सांगलीपर्यंत हौशिंगचा असा मिस्त्री झाला नाही, ह्यांना नुसता कान लावू दे. आजूबाजूच्या बाया हातोडे थांबवून त्याच्याकडं बघायला लागल्या. त्यांच्यातल्या कुणाला हे ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

रावजीनं मांडीवरची खडीची भुकटी झटकली.

"पाव्हणं चुकल्यात," तो त्या बायांना म्हणाला. "मला गाडीतलं काय कळत न्हाई."

ड्रायव्हर माझ्याकडं चमत्कारिक नजरेनं बघत ट्रककडं गेला. मी तिथंच उभा राहिलो. दोनदा मिस्त्री, मिस्त्री म्हणालो. तो दगड पायात धरून फोडायला लागला होता. मुकादम आला आणि मला म्हणाला, आवं, कामाच्या टायमाला माणसं कशाला अडवताय. मग मी ट्रकमध्ये जाऊन बसलो.

ट्रक चढाला लागला तशी मागची ओरड पुन्हा सुरू झाली. ड्रायव्हरनं विचारलं, कोण होता तो? मी म्हणालो, खडी फोडणारा.